राहून गेलेला आहेर

तुमसर,
१९ जानेवारी २०२५

दादा,

मायना काय लिहावा यातच सकाळ गेली. तीर्थरूप लिहिलं, खोडलं. श्रीयुत लिहिलं तं वाटलं तहसीलदाराले अर्ज करून राहिली. म्हणून नुसतं दादा. राग आला तं आला.

फोन तू उचलत नाही. वहिनीच्या फोनवर केला तं ती 'राँग नंबर' म्हणते, अन् मग ठेवतच नाही. तिकडून तिच्या बांगड्या वाजत राहतेत, इकडून मी चूप. बिचारीनं असं कितीदा केलं असन. तिले माहा नमस्कार सांगजो, राँग नंबरवालीचा.

म्हणून टपालानं लिहून राहिली. तुमसरहून आंधळगाव किती, माणूस सायकलनं जाऊन जेवायले घरी वापस येईन. काल पाकीट घेऊन तिथंच पत्ता टाकला, तं पोस्टातल्या बाईनं तो वाचला अन् मले वरून खाली पाह्यलं.

पत्र लिहायले तूच शिकवलं होतं. तुहं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालली, म्हणून बाबाची पत्रं तू सांगायचा अन् मी लिहायची. अन् वरून 'शुद्ध लिही सत्ते, शुद्ध लिही' म्हणून डोक्यावर बसायचा. आज बी शुद्धच लिहायचं ठरवून बसली होती, पण दुसऱ्या ओळीले तोंडातलं बाहेर आलं. घरच्या माणसाले शुद्ध कसं लिहायचं बाप्पा? पण शिकवलं ते तुहे उपकार आहेत, म्हणून पहिले तेच लिहिलं.

घाबरू नको, काही मागायले लिहून नाही राहिली. बाबानं माह्या नावानं आंघोळ केली तेव्हापासून मी तुमच्यासाठी मेलेली. मेलेली बाई काय मागन?

आमचं बरं आहे. टीनाचे बाबा बरे आहेत. तोंडानं नाव घेत नाही, पण लिहायले काय जाते: चंद्रकुमार. तुमच्याकडे त्यायले 'तो बँडवाला' म्हणतेत, ते खरंच आहे. अजून लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतेत. डीजे आल्यापासून वरातीत बँडाले कोणी इचारत नाही, पण बिदाईले बोलावतेत. पोरगी सासरी निघाली की मायले रडायले क्लॅरिनेटच लागते, तिथं डीजे कामाचा नाही. या भागातल्या किती पोरी त्यायच्या धुनेवर रडत रडत गाडीत बसल्या असतीन. पण घरात ती धून ते कधीच वाजवत नाहीत. रियाजाले बी नाही. मी एकदा काहून म्हणून इचारलं तं म्हणतेत, "ज्या पोरीची बिदाईच नाही झाली, तिच्यासमोर कोणत्या तोंडानं वाजवू?" माणूस असा आहे दादा. मी पळून आली ते वाया नाही गेली.

आता खरी गोठ. टीना, माही पोरगी, तू पाह्यली नाही. नाक तुहं आहे, राग आला की फुगते बी तसंच. नागपूरले कार्यक्रम लावून देणाऱ्या एका कंपनीत होती. आता म्हणते स्वतःचं करतो. संक्रांतीले घरी आली अन् जेवता जेवता म्हणते, "आई, फेब्रुवारीत तुमसरले दिवसाची पार्टी ठेवतो."

"कोणाचा वाढदिवस?"

"कोणाचाच नाही. प्रेमाची पार्टी."

मी तिच्या कपाळाले हात लावून पाह्यला.

तिचं म्हणणं असं, की नागपूरले आता हे चालते. भर दुपारी लोक जमतेत, गाणी लावतेत, नाचतेत, कॉफी पितेत अन् दिवे लागायच्या आत घरी. दारू नाही, बिरू नाही. आपल्याकडे रात्रीची नाटकं आहेत, दंडारीचा खेळ आहे, पण बाईमाणूस तिथं जाते तं मांडीवर झोपलेलं लेकरू घेऊन, अन् अर्धा जीव घरच्या म्हशीत. टीना म्हणते, एक दुपार अशी पाहिजे की ज्यात लेकरं नाहीत, सासूबाईचं औषध नाही, सैपाक नाही. फक्त मोठी माणसं अन् प्रेमाची गाणी. जो येईन त्यानं आपल्या जिवाच्या माणसासाठी एक गाणं मागायचं, माईकवर, नाव सांगून. तिच्या बाबाचा बँड वाजवणार. सोयरिकीच्या टिळ्याच्या दिवशी सुपारी फुटावी तसं ती बोलून मोकळी झाली, अन् टीनाचे बाबा पोळीचा घास हातात घेऊन तिच्याकडे पाहतच राह्यले. बँडाले वरात सोडून कोणी बोलावन, असं त्यायले वाटलंच नव्हतं.

मी म्हणलं, पोट्टे, हे तुमसर आहे. इथं नवराबायको एका गाडीवर दवाखान्यातच जातेत.

तरी पोरीनं लॉन ठरवला. इतवारच्या दिवशी, १६ फेब्रुवारीले, दुपारी. तिचा हा पहिला कार्यक्रम आहे अन् पडला तं नागपूरले वापस कोणत्या तोंडानं जाईन, हे ती म्हणत नाही, पण मले दिसते.

तुले बोलावून नाही राहिली. नुसतं कळवलं. पुढंमागं कोणी म्हणलं की सत्यवतीच्या घरी असं असं झालं, तं ते तुले माह्याकडून पहिले माहीत असावं.

तुही,
सत्यवती


तुमसर,
३ फेब्रुवारी

दादा,

माहं डोकं फिरलं आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं तं समजून घे.

आमच्या गल्लीत चिंधूभाऊ राहतेत. तुमच्या तिकडच्या लग्नात बी पाह्यला असशीन तू त्यायले, पांढरी टोपी, आवाज असा की पोंगा लावायची गरज नाही. लग्नात माईक हातात घेऊन आहेर पुकारतेत ते. 'अमुक गावचे अमुक यांच्याकडून वधूले एक पातळ, वराले टॉवेल-टोपी!' गावोगावी लग्नाच्या पत्रिका बी तेच वाटतेत. कोणत्या गावात कोणाचं घर कोणत्या वळणावर, सगळं तोंडपाठ. म्हणून टीनानं पार्टीचे पास वाटायले त्यायलेच दिले. लाल कार्ड, त्यावर बदाम, मधात 'जोडीनं या'.

चिंधूभाऊनं कार्ड पाह्यलं, लाल. बदाम पाह्यला. जोडीनं या वाचलं. अन् जन्मभर जसं करत आले तसंच केलं. माह्याच घरून हळद मागून नेली, मी बी येडी, दिली. तांदूळ पिवळे केले, अन् घरोघरी उंबऱ्यावर उभं राहून प्रत्येकाच्या हातावर पिवळे तांदूळ ठेवून म्हणाले, "सत्यवतीबाईच्या इथलं काम आहे, जोडीनं यायचं!"

आता तूच सांग, हातावर पिवळे तांदूळ पडले तं माणूस काय समजन?

काल बाजारात एक बाई मले गळ्यात पडून म्हणते, "टीनाचं जुळलं, सांगतलं बी नाही बाई!" दुसरीनं इचारलं पोरगा कोठचा. तिसरी म्हणते बदामाचं कार्ड म्हणजे लव्ह मॅरेजच असन, मायवर गेली पोरगी. मी घरी येऊन चिंधूभाऊले बोलावलं अन् असं झाडलं की गल्लीतले कुत्रे उठून गेले. ते बिचारे टोपी हातात घेऊन म्हणतेत, "बाई, बिना तांदळाचं बोलावणं म्हणजे बोलावणं थोडी होते? ते तं नुसतं जाहिरात होते." अन् टीना तिथं बसून हसायचं का रडायचं ते ठरवून राहिली.

मग त्यायनं गावं सांगतली कोणती कोणती झाली ते. आंधळगाव म्हणाले, अन् माह्या हातातला डबा पडला.

तुह्या उंबऱ्यावर बी माह्या नावाचे पिवळे तांदूळ पडले, दादा. चिंधूभाऊ म्हणाले, वहिनीनं पदरात घेतले. तू ओसरीवर होता. काही बोलला नाही, पण नाही बी म्हणलं नाही.

रात्रभर मी एकच इचार करून राहिली. न सांगता राहिली तं तू येशीन. भाचीचं लगीन म्हणल्यावर मामा घरी नाही बसत, मग बहीण मेलेली असो का जिती. लग्नात मामाचं काम दुसऱ्याले करता येत नाही. मांडवात येशीन, तिथं लगीन नाही हे पाहशीन, पण आला तं असशीन. एकदा माह्या अंगणात तुहे पाय लागले असते. टीनाचे बाबा म्हणाले, "राहू दे ना, चूक चिंधूची आहे, तुही थोडी आहे." मन इतकं वळलं होतं की पेन बी उचलला नव्हता.

पण खोट्या तांदळावर मले भाऊ नाही पाहिजे. म्हणून साफ लिहितो: टीनाचं लगीन नाही. भर दुपारची प्रेमाच्या गाण्यांची पार्टी आहे, बुढे-बुढ्या नाचणार आहेत, अन् मामाचं तिथं काहीच काम नाही. लोकायसमोर तुही फजिती होऊ नये म्हणून लिहिलं. हे वाचून आला नाही तं मले समजन, मी रुसणार नाही.

अन् लिहायलेच बसली आहो तं एक गोठ लिहूनच टाकतो. इतकी वर्षं कोणाले सांगतली नाही, टीनाच्या बाबाले बी नाही.

त्या दिवशी मोहाडीच्या स्टँडवर मी भंडाऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसली होती, ओढणी तोंडाले बांधून. हे मागच्या सीटवर, अनोळखी असल्यासारखे. तू कायच्या कामानं मोहाडीले आला होता माहीत नाही, पण चहाच्या टपरीवर उभा होता. तू पाह्यलं, दादा. ओढणी बांधलेली होती तरी बहिणीचे डोळे भावाले समजत नाहीत का? कंडक्टर खाली तंबाखू मळत होता, गाडी सुटायची होती. तू आला असता अन् हात धरला असता तं मी उतरली असती. खरं सांगतो, उतरली असती.

तू तोंड फिरवलं. टपरीकडे पाहून चहा मागतला.

बाबा मग किती दिवस, भंडारा सोडून, नागपूरच्या बाजूनं मले शोधत फिरले, तेव्हाच मले समजलं की तू घरी काही बोलला नाही. लोक म्हणतेत भावानं बहिणीकडून तोंड फिरवलं. मी मनात म्हणतो, हो, फिरवलं, अन् म्हणूनच माहा संसार झाला. टीना झाली. जो माणूस माह्यासाठी घरात एक धून वाजवत नाही, तो मले भेटला. हे सगळं तुह्या एका चहामुळं आहे. त्याचे उपकार मानायचे राहून गेले होते. आता मानले.

तुही,
सत्ती


तुमसर,
१७ फेब्रुवारी

दादा,

काल रात्री लिहायले बसली होती, पण कागद ओला झाला. आज सकाळी टीनाच्या बाबानं चहा करून देला अन् म्हणाले, "लिही आता, मी सैपाक पाहतो." म्हणजे आज खिचडीच आहे.

तू बाहेर होता, म्हणून आत काय काय झालं ते पहिल्यापासून सांगतो.

सकाळी मांडववाल्यानं लॉनवर लाल फुगे लावले, बदामाचे. लावता लावता सवयीनं वर 'शुभविवाह'ची पाटी बी ठोकली, ती टीनानं उतरवली, तं तो म्हणते ताई, खाली खिळे दिसून राहिले, वाईट दिसते. दुपारी बँड लागला अन् माणसं यायले लागली. भरभरून आली, दादा. लगीन नाही म्हणून किती सांगतलं होतं, तरी प्रत्येकाच्या हातात आहेर! कोणाच्या हातात स्टीलचा डबा, कोणाच्या ब्लाऊजपीस, कोणी नारळ. गेटवर टीना उभी, पास पाहायले, अन् लोक तिच्याच डोक्यावर हात ठेवून म्हणतेत, "नवरी असून गेटवर कायले उभी बेटा, हळद उतरन ना!"

आंबागडच्या सत्यभामाबाई आहेत, तुलारामजीच्या बायको, चांगल्या सत्तरीच्या पुढच्या. त्या मांडवभर फिरून आल्या अन् मले म्हणतेत, "बाई, नवरदेव कोठी हाय? पळाला का?" टीना हे ऐकून सैपाकघराच्या मागं गेली. मी गेली तं डोळे पुसून राहिली होती. म्हणे, "आई, झालं. सगळे आहेर घेऊन बसले आहेत, कोणी नाचत नाही, कोणी गाणं मागत नाही. प्रेम-बिम कोणी बोलतच नाही."

खरंच होतं. बँड वाजत होता अन् लोक पंगतीची वाट पाहत बसले होते. टीनानं माईकवर म्हणलं, आपल्या जिवाच्या माणसासाठी गाणं मागा, तं सगळ्या बायका खाली पाहायले लागल्या. कोण मागन? मागायचं तं नवऱ्याचं नाव घ्यावं लागते, चारचौघात, माईकवर! माह्याच तोंडातून निघत नाही तं दुसऱ्याले काय बोलू.

अन् मग चिंधूभाऊ उठले. सकाळपासून तोंड पाडून एका कोपऱ्यात बसले होते, माह्या शिव्या खाल्ल्यापासून माह्याकडे पाहत बी नव्हते. सरळ टीनाजवळ गेले, तिच्या हातातून माईक घेतला, टोपी नीट केली अन् तुलारामजीकडे वळून इचारलं, "बाबाजी, सत्यभामाबाईसाठी कोणतं गाणं सांगू?" बुढा लाजला. पण गाण्याचं नाव हळूच कानात सांगतलं. अन् चिंधूभाऊ, जसे जन्मभर पुकारत आले तसेच, छाती भरून म्हणाले:

"आंबागडचे तुलारामजी यांच्याकडून, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई यांना, एक गाणं आहेर!"

अरे बाप्पा! काय टाळ्या पडल्या! ते आपलं रोजचं, ऐकलेलं, लग्नातलं. आहेर देयाले कोणाले लाज वाटते का? नवऱ्याचं नाव चिंधूभाऊ घेतेत, बायकोचं चिंधूभाऊ घेतेत, आपण फक्त कानात सांगायचं. लाइन लागली दादा, लाइन! 'यांच्याकडून यांना एक गाणं आहेर!' जुन्या सिनेमातली सगळी गाणी निघाली. तुलारामजी अन् सत्यभामाबाई पहिले नाचायले उठले. नाचले म्हणजे काय, एकमेकाचे दोन्ही हात धरून हळूहळू फिरत होते, तेवढंच. पण त्यायनं चालू केलं अन् मग सगळ्यायनं चालू केलं. एक भांडून बसलेलं जोडपं होतं, त्या बाईनं नवऱ्याले गाणं आहेर केलं अन् नवरा चहाचा कप तसाच धरून नाचत होता, अर्धा चहा कुडत्यावर. टीना मधात उभी राहून मोबाईलमधे सगळं घेत होती, नाक फुगवून, पण आता आनंदानं.

माहं लक्ष मात्र गेटवर होतं. लपवत नाही.

अन् वहिनी आल्या. एकट्या. हातात पिशवी. मी गेली तं आम्ही दोघी एकमेकीले पाहत उभ्या, काय बोलावं समजत नाही. मग मीच म्हणलं, "राँग नंबर." अन् त्या अशा हसल्या की डोळ्यातून पाणी आलं. मोठ्या झाल्या दादा आमच्या वहिनी, केस पांढरे झाले.

पण पिशवीत हिरवं पातळ दिसलं, आहेराचं. पत्र पोहोचलं नाही, मी मनात म्हणलं. लगीन समजून आल्या या. आता मलेच सांगावं लागन. म्हणलं, "वहिनी, टीनाचं लगीन नाही हो आज."

वहिनी म्हणाल्या, "मले काई मालूम नाही बाई. यायनं आहेर सांगून पाठवलं, तो देयाले आली. तुमचा तो माईकवाला कोठी हाय?"

अन् चिंधूभाऊपाशी गेल्या अन् कानात बोलल्या. लय वेळ बोलल्या. चिंधूभाऊनं टोपी काढली, पुन्हा घातली. त्यायचा आवाज नेहमी पोंग्यासारखा, पण तेव्हा जरा बसला होता.

"आंधळगावचे यादोरावजी यांच्याकडून, त्यांची धाकटी बहीण सत्यवती हिले... एक बिदाईची धून आहेर. मोहाडीच्या स्टँडवर देयाची राहून गेली होती. आज देऊन राहिले."

दादा, प्रेमाच्या पार्टीत बिदाई कोणी मागितली, म्हणून बँडवाले एकमेकाकडे पाहायले लागले. टीनाच्या बाबाले तुह्या स्टँडवरच्या चहाचं काही माहीत नव्हतं, पण तुहं नाव अन् बिदाई एवढं ऐकून ते जागीच उभे राह्यले. क्लॅरिनेट तोंडातून काढलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं, माह्याकडे पाह्यलं. मी मान हलवली.

अन् त्यायनं वाजवली. आपल्याच बायकोची बिदाई कोण्या माणसानं वाजवली असन का रे कधी? मधात सूर फाटला, थांबले, पुन्हा धरला. बाकीचा बँड मागून हळूच आला. मी उभीच होती, मले रडायले बी येत नव्हतं. मग सत्यभामाबाई उठल्या. तो ब्लाऊजपीस, तो नारळ, जे त्यायनं कोण्या नवरीसाठी आणलं होतं, ते माह्या ओटीत टाकलं. त्यायच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. ज्याले दुपारपासून धनी नव्हता तो सगळा आहेर माह्या पदरात आला. वहिनीनं ते हिरवं पातळ खांद्यावर टाकलं अन् मले गळ्याशी धरलं, मायनं धरावं तसं. तेव्हा मी रडली. इतक्या जोरात रडली की टीना घाबरली. बायका तिले म्हणाल्या, "रडू दे बेटा, बिदाईले रडतातच."

मग मी धावली. चप्पल कुठं गेली माहीत नाही. गेटच्या बाहेर रस्त्याच्या त्या बाजूनं मोहाच्या झाडाखाली तुही गाडी उभी होती अन् तू तिले टेकून उभा होता. दुपट्टा खांद्यावर. पोट सुटलं आहे तुहं, दादा, चालत जा थोडं.

मी रस्त्याच्या इकडेच थांबली. तू बोलवलं नाही, मी बी आली नाही. पण तू पाहत होता. तोंड फिरवलं नाही. बाजूले चहाची टपरी होती, तुले वाटलं असतं तं तिकडे पाह्यलं असतं, पण नाही पाह्यलं. वहिनी येऊन गाडीत बसल्या, तू दुपट्ट्यानं तोंड पुसलं अन् निघून गेला. मी गाडी वळेपर्यंत हात हलवत होती. बाकी पोरी गाडीतून हलवतेत, मी रस्त्यावरून हलवला.

म्हणजे माहं पत्र पोहोचलं होतं. लगीन नाही हे माहीत असून तू आला. मामाचं काम नाही हे माहीत असून आला. मी खोट्या तांदळावर भाऊ नाही मागितला, अन् मले खरा मिळाला. आता उपकार कसे मानू ते तूच सांग, मले तं शब्द सुचत नाहीत, अन् तू शिकवलेले सगळे संपले.

घरी आल्यावर टीनाच्या बाबाले मी स्टँडची सगळी गोठ सांगतली. मग म्हणाले, "तो टपरीवाला असन का अजून? त्याले एक दिवस भेटून येऊ." टीनाले पुढच्या महिन्यासाठी आतापासून दोन लॉनवाल्यायनं फोन केले, अन् ती सगळ्यायले सांगून राहिली की पासासोबत पिवळे तांदूळ द्यायचेच, ते आता तिच्या पार्टीची पद्धत आहे. चिंधूभाऊ छाती काढून फिरून राहिले. मी त्यायले शिव्या दिल्या होत्या, ते आता बोलून बी नाही दाखवत, भला माणूस.

आता एक कामाची गोठ. तू मोठा आहे, रीत तुले माह्यापेक्षा जास्त समजते. बिदाई झाली की पोरगी सासरी राहते, अन् मग मांडवपरतणीले तिचा भाऊ येते तिले माहेरी न्यायले. हे सगळीकडे असंच आहे, आंधळगावात बी असंच होतं. माही बिदाई तू काल केली, साऱ्या तुमसरनं ऐकली, आता नाही म्हणता येत नाही.

पिशवी भरून ठेवली आहे. हिरवं पातळ वरच ठेवलं. हे इचारतेत, "कवा जातं?" मी म्हणलं, भाऊ येईन तवा.

घरात यायले जड वाटत असन तं नको येऊ. गल्लीच्या तोंडाशी गाडी लाव, हॉर्न वाजव, मी येतो पिशवी घेऊन. फक्त तोंड इकडेच ठेवजो.

तुही बहीण,
सत्ती